खाडीकाठच्या हंसांचे चीफ इंजिनिअर

माणसाने निसर्गावर राज्य करण्याआधी स्वतःवर राज्य करायला शिकलं पाहिजे, असं चीफ म्हणत. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते एका हंसिणीच्या पुढे पळत होते. वाक्य पुरं करायला त्यांना सायकलच्या वाटेपलीकडचा बाक गाठावा लागला. बाकावर चढून त्यांनी मला विचारलं, "फोनवर मराठी बोलत होतात ना? मग असे बघत काय उभे? ती छत्री उघडा आणि मध्ये या."

मी छत्री उघडली. हंसीण थबकली, फुत्कारली आणि मान ताठ ठेवून पाण्याकडे निघून गेली. चीफ खाली उतरले, शर्ट खोचला आणि म्हणाले, "रिट्रीट नव्हे, रीपोझिशनिंग."

चीफ म्हणजे अच्युतराव भागवत. मूळ वाईचे. तीसेक वर्षं जहाजांवर काढली, त्यातली बरीचशी चीफ इंजिनिअर म्हणून; मग सिंगापुरात, तुआसच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात सुपरिंटेंडंट; मग निवृत्त. सेरंगूनला आमच्याच ब्लॉकमध्ये, आमच्या दोन मजले वर राहत. त्यांना चीफ हे नाव लोकांनी दिलेलं नव्हतं. फोन उचलला की ते स्वतःच "हॅलो, चीफ" म्हणत. राँग नंबरलासुद्धा.

बेअरिंग तापलंय का, हे इंजिनरूममध्ये हाताच्या पालथ्या बाजूने बघतात. निवृत्तीनंतर चीफनी ही पद्धत उरलेल्या जगाला लागू केली. फ्रिजची मागची बाजू, वरणाचं पातेलं, एमआरटी ट्रेनची खिडकी, सगळ्यांना पालथा हात लागे. घरी आलेल्या पाहुण्याच्या कपाळालाही लागे. मग ते "नॉर्मल" म्हणत आणि पाहुण्याला बसायची परवानगी मिळे. माझी मुलगी तेव्हा प्रायमरीत होती. लिफ्टमध्ये भेटले की ती आपणहून कपाळ पुढे करी. "चीफ अंकल, ॲम आय ओव्हरहीटिंग?" चीफ गंभीरपणे हात लावत. "स्लाइटली. रिड्यूस स्पीड."

घराला ते जहाजावरच्यासारखं अकोमोडेशन म्हणत आणि स्वयंपाकघराला गॅली. सुधाकाकूंनी हे निम्मंच मान्य केलं होतं. "गॅलीत कुक असतो," त्या म्हणत, "आणि तो कंत्राट संपलं की घरी जातो. मी कधी जायचं पुण्याला, ते विचार तुझ्या चीफना." काकूंचे गुडघे सिंगापुरात दुखत आणि बहिणी पुण्यात होत्या. चीफचं उत्तर ठरलेलं असे. "बघू. सध्या हंस आहेत."

हे हंस आले कुठून, याबद्दल आमच्या भागात एकमत नव्हतं. उत्तरेकडच्या कोंबड्या-बदकांच्या वाड्या उठवल्या तेव्हा कुणीतरी जाताना सोडून दिले, असं जुने लोक सांगत. पुढे ते खाडीकाठच्या पार्कात स्थायिक झाले, पाळीवपण विसरले आणि वाढले. चोचीवर गाठ, लांब करडी मान आणि स्वभाव बिल्डिंगच्या वॉचमनचा. आपल्याकडे हंसाला नीरक्षीरविवेक असतो असं म्हणतात. या हंसांना ब्रेड, भात आणि चपलेचा पट्टा यांतलाही फरक कळत नसे. ते पळणाऱ्यांच्या पोटऱ्यांना चावत, सायकलच्या वाटेवर बसून राहत आणि नव्या लाकडी धक्क्यावर घाण करत. त्या वर्षांत बर्ड फ्लूची भीती होती. शिंकणाऱ्या कबुतराकडेही लोक संशयाने बघत. तक्रारी वाढल्या आणि पार्कच्या ऑफिसने ब्लॉकच्या खाली रहिवाशांची सभा घेतली.

सभेला मिस लिम आली होती. पार्कची ऑफिसर, विशीतली, चष्मा, पाठीवर सॅक, बोलण्याला 'ला', 'हॉर' अशा सिंगापुरी शेपट्या. ती म्हणाली की हंसांची संख्या वाढू नये यासाठी स्थानिक मदत हवी आहे. कुणी तयार आहे का? सगळे आपापल्या स्लिपरकडे बघू लागले. चीफनी हात वर केला आणि खाली घ्यायच्या आत एक उपसमिती स्थापन केली. जलपक्षी व्यवस्थापन उपसमिती. अध्यक्ष चीफ, सेक्रेटरी मी. सदस्य नव्हते. सदस्य असले की चर्चा होते, असं त्यांचं मत होतं.

सभा उठल्यावर त्यांनी मिस लिमला बाजूला गाठलं.

"संख्या वाढली तर काय करणार तुम्ही?"

मिस लिम सॅकची चेन लावत होती. "नंबर गो अप, देन ऑल मस्ट गो, अंकल."

"गो व्हेअर?"

तिने चेन लावून झाली तरी वर बघितलं नाही. "गो ला."

चीफ माझ्याबरोबर लिफ्टमध्ये शिरले. माझा मजला आला तेव्हा दार हाताने अडवून म्हणाले, "एक जहाज मी अलंगला नेलं होतं. भंगारात. तिथे जहाज फुल स्पीडने किनाऱ्यावर चढवतात, ठाऊक आहे? इंजिन ठणठणीत होतं. मीच ठेवलं होतं तसं. वाळूत रुतल्यावर वरून ऑर्डर आली, स्टॉप. मी बंद केलं." दार सोडत ते म्हणाले, "चालू वस्तू बंद करायची ऑर्डर मी पुन्हा घेणार नाही." लिफ्ट मिटली. हे एवढं एकदाच. दुसऱ्या दिवशी सकाळी ते यार्डातलं जुनं नारिंगी जाकीट घालून पार्कात हजर होते.

पहिली मोहीम खाऊ घालणाऱ्यांविरुद्ध. पोट भरलं की पक्षी घरटी करतात, म्हणून आयतं मिळणं बंद, असा सिद्धांत. एक म्हातारी चिनी आजी रोज सकाळी ब्रेडची पिशवी घेऊन येई. चीफ तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"मॅडम, ब्रेड इज नॉट देअर नॅचरल डाएट."

आजीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अंकल, यू ईट ऑलरेडी?"

"नो, बट..."

"सो थिन. ईट ला." आणि तिने उरलेली पिशवी त्यांच्या हातात दिली.

आता ब्रेड चीफकडे होता. हंसांनी आजीला सोडलं आणि चीफना वेढा घातला. वेढ्यातून पिशवी डोक्यावर धरून बाहेर आलेले चीफ मी बघितले आहेत. जाकिटामुळे ते लांबूनही दिसत होते. त्या संध्याकाळी भागवतांकडे ब्रेडचा उपमा होता. आजी मात्र दुसऱ्या दिवसापासून ब्रेड आणीनाशी झाली. तिने मला खुणेने विचारलं, तो बारीक माणूस जेवला का?

खरी लढाई आपल्याच लोकांशी झाली. पितृपक्षात कावळा हवा, आणि सिंगापुरात कावळे बंदुकीने आटोक्यात ठेवत. आमच्या मराठी मंडळातली बँकांत नि ऑडिट फर्मांत मोठमोठ्या जागांवर असलेली माणसं त्या पंधरवड्यात खिडकीत पान ठेवून आकाशाकडे बघत बसत. बिशानला कुणाच्या तरी खिडकीत कावळा येतो अशी बातमी आली की तिकडे फोन करून वेळ घेत. मग कुणाला तरी शोध लागला की खाडीकाठच्या पार्कात अजून दोन-तीन कावळे आहेत. झालं. सकाळी ऑफिसच्या कपड्यांतले लोक डब्यात खीर, वडे, भात घेऊन येऊ लागले. कावळा झाडावर बसून विचार करी. तोवर हंस जेवून जात.

"आपलेच लोक!" चीफ म्हणाले. "शिकले-सवरलेले! फीडिंग ते फीडिंग. पितरांच्या नावाने केलं म्हणून कॅलरी कमी होतात का?" ते पार्कच्या फाटकाशी उभे राहून डबेवाल्यांना परत पाठवू लागले. एका व्हाइस प्रेसिडेंटने हुज्जत घातली तेव्हा चीफनी त्याच्या डब्याला पालथा हात लावला. "अजून गरम आहे. घरी जाऊन खा."

नवमीला सुधाकाकूंनी चीफच्या हातात केळीचं पान ठेवलं. त्यांच्या आईची तिथी.

"मी? मी अध्यक्ष आहे!"

"तुमच्या आईला तुमची समिती ठाऊक नाही," काकू म्हणाल्या.

चीफ गेले. साक्षीदार म्हणून मला नेलं. काकू मागून सावकाश आल्या. चीफनी पान उंच कठड्यावर ठेवलं, हंसांची मान पोचणार नाही असं मापून. वर फांदीवर एक कावळा होता. तो पानाकडे बघे, चीफच्या जाकिटाकडे बघे आणि जागचा हलत नसे.

"आईची काहीतरी इच्छा राहिली असेल," काकू म्हणाल्या. "कबूल करा काहीतरी."

चीफनी घसा खाकरला. "आई, चहातली साखर सोडतो."

कावळा ढिम्म.

"आई, प्रमोदला मी आपणहून फोन करतो. त्याच्या फोनची वाट बघत बसणार नाही." प्रमोद त्यांचा मुलगा, ह्यूस्टनला.

कावळ्याने पंख साफ केला.

"हे जहाजावरून मुलाला धमकावल्यासारखं का बोलताय?" काकू म्हणाल्या. "आईशी बोलताय ना? नीट बोला."

चीफनी पानाची कड सरळ केली. मग हळू म्हणाले, "आई, हिला पुण्याला नेतो."

कावळ्याने झेप घेतली. तो कठड्यावर टेकला आणि त्याच क्षणी खालून एक नर हंस पंख फडफडवत बाकावर चढला, मान लांबवली आणि वड्यासकट पान खाली ओढलं. कावळा ओरडत उडून गेला. हंसाने खीरही सोडली नाही.

"झालं कबूल," काकू म्हणाल्या.

"तांत्रिकदृष्ट्या कावळ्याचा स्पर्श झालेला नाही," चीफ म्हणाले.

"तुमच्या आईला तांत्रिक काही कळत नव्हतं. चला."

हा वाद पुढे बरेच महिने चालला. मला दोन्ही बाजूंनी साक्षीला बोलावण्यात येई.

वर्षअखेरचा पाऊस सरला आणि हंसिणी अंडी घालू लागल्या. मिस लिमने उपसमितीला काम शिकवलं. अंडी उचलून न्यायची नाहीत. नेली की हंसीण पुन्हा घालते. अंड्याला मक्याचं तेल चोपडायचं, की कवचाची छिद्रं बुजतात आणि आत काही वाढत नाही. हंसीण बसून राहते आणि केव्हातरी आपली आपण उठते. पण त्याआधी प्रत्येक अंडं पाण्याच्या बादलीत सोडून बघायचं. बुडालं तर ताजं, तेल लावा. तरंगलं तर आत जीव बराच वाढलेला असतो. त्याला हात लावायचा नाही.

"फ्लोट, डोन्ट टच," मिस लिमने बजावलं.

चीफना हा नियम फार आवडला. त्यांना नियम आवडतच, पण याच्यात बादली होती.

तीस वर्षांत कुठल्याही जहाजावर, कुठल्याही वादळात या माणसाने अंडं खाल्लं नव्हतं. आता ते रबरी हातमोजे घालून, श्वास रोखून, अंडं दोन बोटांत धरत आणि बादलीत असं सोडत की जणू द्रोणातला दिवा नदीत सोडताहेत. नर हंस धावून आला की त्याच्यापुढे छत्री उघडणं हे सेक्रेटरीचं काम. माझ्या दोन छत्र्या गेल्या. काकू बाकावर बसून बघत. एकदा म्हणाल्या, "ती बिचारी बसून राहणार. आत काही नाही, हे तिला कोण सांगणार?"

"सांगू नये," चीफ म्हणाले. "तिची वॉच आहे, ड्यूटी. तिला करू दे."

सगळं सुरळीत चाललं होतं आणि म्हणूनच चीफ बेसावध राहिले. पार्कच्या टोकाला पंपहाउस होतं, भोवती जाळीचं कुंपण. त्या कुंपणाच्या आत, झुडपामागे, एक हंसीण कधीची बसली होती. ती सापडली तेव्हा चीफ कुंपणाखालून पोटावर सरकत आत गेले. मी बादली आत ढकलली. पहिलं अंडं सोडलं, तरंगलं. दुसरं, तरंगलं. चारही तरंगली. एक तर पाण्यात किंचित हललं, आतून.

चीफ तसेच गुडघ्यांवर बसून राहिले. तेलाची बाटली त्यांच्या बाजूला होती. आजूबाजूला मी सोडून कुणी नव्हतं, आणि मी सेक्रेटरी होतो. तेल लावलं तर कुणाला कळलं नसतं. नाही लावलं तर चार पिल्लं, संख्या वर, आणि ऑल मस्ट गो.

त्यांनी एका अंड्याला पालथा हात लावला. हातमोजा काढून. बराच वेळ.

"नॉर्मल," ते म्हणाले आणि चारही अंडी पुसून घरट्यात ठेवली.

बाहेर आल्यावर त्यांच्या गुडघ्यांना चिखल होता आणि चेहरा मी एरवी कधी न पाहिलेला. घाबरलेला. "सेक्रेटरी," ते म्हणाले, "जहाजावर चार माणसं वाढली तर काय करतात?"

"मला कसं ठाऊक असणार? मी बँकेत आहे."

"चार उतरवतात!" ते ओरडले. "क्रू चेंज!"

पुढचे काही दिवस चीफ फोनवर होते. तुआसच्या यार्डात त्यांच्या हाताखाली शिकलेला एक तमिळ गृहस्थ आता मॅनेजर झाला होता. यार्डाच्या मागच्या कुंपणातून पितळेच्या वस्तू चोरीला जात होत्या. चीफनी त्याला पटवलं की हंसासारखा पहारेकरी नाही. झोपत नाही, सिगारेट ओढत नाही, अनोळखी माणूस दिसला की बोंब ठोकतो. मॅनेजर म्हणाला, "सर, आय ॲम नॉट शुअर." चीफ म्हणाले, "तू फर्स्ट जॉबलाही शुअर नव्हतास."

मग टाय लावून ते मिस लिमकडे गेले. तेलाची बाटली हातात असताना अंडी सोडून दिली, हे त्यांनी आधी सांगितलं. तिचा चेहरा पडला. मग क्रू चेंजचं सांगितलं. पिल्लं चार येणार, नर चार तुआसला जाणार, जहाजावरची संख्या तेवढीच. मिस लिमने चष्मा काढून पुसला. परवानग्यांचं ती बघेल म्हणाली. "नंबर सेम, देन कॅन ला, अंकल." आणि मग, इकडेतिकडे बघून, "थँक यू हॉर."

बदली झालेल्या चौघांना पकडायला एक अख्खी सकाळ लागली. चीफ बॉयलर सूटमध्ये, हातात डबलबेडची चादर. पार्कचे दोन कामगार, मी, छत्री. हंसांना बदलीचा हुकूम मान्य नव्हता. चादरीखाली कधी हंस असे, कधी चीफ, आणि एकदा पार्कचा कामगार आणि हंस दोघेही. शेवटी चौघेही लॉरीत पिंजऱ्यात बसले, तेव्हा काकू वाटीत दही घेऊन आल्या.

"अगं, हे काय?"

"लांब चाललेत," काकू म्हणाल्या. "हात नाहीत त्यांना, म्हणून काय तसंच पाठवायचं?" त्यांनी जाळीतून पहिल्याच्या चोचीला दही लावलं. त्याने काकूंच्या बांगडीला चावा घेतला. बाकीच्या तिघांना काकूंनी चमच्याने लावलं.

चार पिल्लं झाली. मऊ, पिवळट, चिखलात लोळणारी. मिस लिम येऊन मोजून गेली आणि हंस राहिले. त्या दिवशी चीफनी उपसमितीची सभा बोलावली, स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव स्वतः मांडला आणि अनुमोदनासाठी माझ्याकडे बघितलं. चहात साखर नव्हती.

पुढच्या वर्षी ते पुण्याला निघाले. तांत्रिक मुद्दा त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. काकूंच्या गुडघ्यांमुळे जातोय, म्हणाले. निघायच्या सकाळी मिस लिमला पार्कात बोलावून रीतसर हँडिंग ओव्हर केलं, जसं एक चीफ दुसऱ्याला जहाज देतो. घरटी कुठे होतात, कुठला नर कुठल्या बाजूने येतो, कुंपणाखालून कुठे सरकता येतं, सगळं दाखवलं. बादली दिली, तेलाची बाटली दिली. मग टाचा जुळवून म्हणाले, "मॅडम, शी इज ऑल युवर्स." मिस लिम बादली धरून उभी होती. "ओके, अंकल. ईट मोअर, हॉर." चीफनी मान लववली आणि धक्क्यावरून चालू लागले, काकूंच्या पावलाशी पाऊल जुळवून, म्हणजे फारच सावकाश. टोकाला थांबून त्यांनी कठड्याला पालथा हात लावला. ऊन होतं. बहुतेक नॉर्मल असावा.

पुण्याहून त्यांचा फोन येई. हॅलो, चीफ. मग थेट, "संख्या?"

"तेवढीच," मी सांगे.

"बघा. सिस्टिम बसवून दिली की माणूस असो नसो, चालते."

"हो, चीफ."

मिस लिमची त्याच मोसमात बदली झाली होती. बादली स्टोअरमध्ये आहे. तेल अंड्यांना कुणी लावत नाही. खाडीकाठी हल्ली घोरपडी फार झाल्या आहेत, त्या अंडी खातात.